मंदीच्या डब्यातला हलवा

आमच्या घरी संक्रांतीचा तिळगूळ खायचा नसे, आणून जमा करायचा असे. गावातली बाकीची पोरं दिवस कलायला लागला की डबे घेऊन निघायची, दारात उभी राहून "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणून गलका करायची, चिमूटभर द्यायची, मूठभर घ्यायची आणि घेतलेलं तिथल्या तिथं तोंडात कोंबायची. आम्हा दोघी बहिणींना मात्र वाटेत एक तीळ खायची सोय नव्हती. घरी परतलो की आई ओसरीत पितळेची परात मांडायची, आम्ही आपापले डबे तिच्यासमोर धरायचे, आणि ती मांडी ठोकून निवडायला बसायची. काटेरी हलवा एकीकडे, वड्या एकीकडे, रेवड्या आणि लिमलेटच्या गोळ्या तिसरीकडे. निवडता निवडता तोंडाचा पट्टा चालू. "ही कोनाची गं वडी? दात पाडायचा इचार हाय का काय?" "हे बघ, तिळापरीस शेंगदान्याचा कूटच लई. आन् गावभर सांगत फिरती, किलोभर तीळ आनले म्हनून." आम्ही हसून हसून लोळायचो. मग माझा ढीग डब्यात जायचा, डबा फडताळात, फडताळाची किल्ली आईच्या कमरेला. रथसप्तमीपर्यंत रोज जेवणानंतर मला एक वडी आणि चार दाणे हलवा. पाचवा मागितला की दुसऱ्या दिवशीचाही बंद.

मंदीचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, ढीग निराळा. तो आई धान्य मापायच्या छोट्या चिपट्यानं मापायची आणि दर चिपट्यामागं पेटीतून तिला एक वस्तू काढून द्यायची. कधी रिबीन, कधी काचेच्या बांगड्या, एकदा तर जत्रेतलं गळ्यातलं. याला आमच्या घरात 'सौदा' म्हणत. मंदी गोड द्यायची आणि नटवं सामान घ्यायची, कारण मंदीला साखर होती. साखरेचा रोग म्हातारपणी होतो एवढंच तेव्हा लोकांना ठाऊक. सहा वर्षांच्या पोरीला तो झाला हे ऐकून माणसं आमच्या दारात येऊन तिच्याकडं टकामका बघत उभी राहायची. नगरच्या दवाखान्यात ती तीन आठवडे होती आणि घरी आली ती औषधाची बाटली, काचेची सुई आणि एक निळं पाणी बरोबर घेऊन. सुई रोज सकाळी सातला. ती द्यायला आई गावातल्या कंपाउंडरकडून शिकली, पेरूला टोचून टोचून. आमच्या राहात्यात पेरूला काय तोटा! आठवडाभर आमच्या घरातले सगळे पेरू भोकाभोकाचे होते. निळ्या पाण्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचे. निळंच राहिलं तर आईच्या जिवात जीव, विटकरी झालं तर दिवसभर घरात कुणी बोलायचं नाही.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या नगरातल्या सावेडीच्या सोसायटीत पोरं भुताखेतांचे मुखवटे लावून दारोदार चॉकलेटं मागत फिरली. आता हेही आलंय. मी नातीला म्हटलं, अगं, ही तर आमची संक्रांतच की, फक्त तोंडं रंगवलेली. ती टोपलीभर घेऊन आली. सूनबाईंनी टोपली जेवणाच्या टेबलावर उपडी केली, निवड केली आणि जाहीर केलं, "रोज दोन, बाकी फ्रिजवर." नात भोकाड पसरून रडली, मुलगा हसला, सगळेच हसले. मी उठून गॅलरीत गेले. सून मागोमाग आली, म्हणाली, "आई, मी फार कडक वागले का?" मी म्हटलं, "नाही गं बाई, बरोबर केलंस." पण माझ्या डोळ्यापुढं ओसरीतली ती परात होती. म्हणून हे लिहायला घेतलं. इतकी वर्षं टाळलं, आता पुरे झालं.

आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, पिठाची गिरणी होती. घरासमोरच, रस्ता ओलांडला की. दिवसभर पट्ट्याची फटफट आणि दगडांची घरघर. त्या आवाजात वीस वर्षं काढून दादांचे कान गेले होते. पूर्ण बहिरे नव्हते, पण त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड दाखवून बोलावं लागे. आई त्यांना सांगायची एक, ते आणायचे दुसरंच. गूळ सांगितला तर फूल आणलं, असला प्रकार. आई कपाळावर हात मारायची आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. या कानांपायीच पुढचं सगळं झालं. म्हणजे कानांपायी आणि माझ्यापायी.

मंदीला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी आई आत कपडे आवरत होती आणि डॉक्टर बाहेर दारात दादांशी बोलले. एस.टी.त बसल्यावर दादांनी आईला सांगितलं, "डॉक्टर म्हनले, पोरीला घाम फुटला, हातपाय थरथरले, यड्यावानी बोलाया लागली, तर लगीच साखर द्या. एक पुडी कायम खिशात ठिवा म्हनले." आईनं त्यांच्याकडं असं बघितलं की बस. "साखर द्या? साखरंनंच तर हे झालंय. 'देऊ नका' म्हनले असतील, तुमी 'द्या' ऐकलं." दादा म्हणाले, मी ऐकलं ते सांगतोय. आई म्हणाली, तुमी काय ऐकता ते मला ठावं हाय. पुढच्या खेपंला कागदावर लिहून आना. दादा दर महिन्याला औषध आणायला नगरला जायचे, पण ते कागद काही आणेनात. मोठी झाल्यावर मला त्यांनी एकदाच सांगितलं, की पुन्हा विचारायची लाज वाटायची. डॉक्टर म्हणतील, एकदा सांगितलेलं याला कळत नाही, बहिरा दिसतोय. तेव्हा मला दादांचा संताप आला होता. आता येत नाही. माणसं लाजेपायी काय काय करतात ते मला घरचंच ठाऊक आहे.

मी अकरा वर्षांची, मंदी आठ. त्या संक्रांतीला दुपारी घरात गुळाच्या पोळ्या, वर तुपाची धार. मंदीपुढं बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी. एरवी ती मुकाट खायची, त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवलं. आई आधी रागावली, मग डोळ्याला पदर लावून आत गेली. चारला तिला पुन्हा थोडं खायचं असे, म्हणून आईनं चतकोर भाकरी फडक्यात बांधून माझ्याकडं दिली. "शाले, चार वाजता हिला बसवून खायला घाल. आन् हिच्यावर डोळा ठिव. हिनं एक तीळ जरी तोंडात टाकला तर मी तुला धरीन." मी मान डोलावली. मंदीला माझ्याशिवाय बाहेर सोडत नसत, आणि ही गोष्ट मला चांगली ठाऊक होती.

आता खरं सांगायचं तर मी मंदीवर जळायचे. घरातल्या सगळ्या नजरा तिच्यावर. सकाळी उठल्यापासून मंदी कशी, मंदीचं निळं का हिरवं, मंदी जेवली का. आणि वर सौद्यात रिबिनीही तिलाच! मला चार दाणे हलवा, तोही मोजून. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा मी थांबले आणि म्हणाले, "मला निम्मं द्यायचं. तुझ्या डब्यातलं. न्हाईतर मी परत चालले." मंदीनं जरा विचार केला. "निम्म्यात एक रिबीन तरी यील का?" म्हणाली. मी म्हटलं, यील की. मग ती तयार झाली. दर घरी आम्ही डबे पुढं करायचो, कोपऱ्यावर आलं की मी तिच्या डब्यात हात घालायचे. माझ्या डब्याला हात लावायचा नाही, तो आईला भरलेला दिसायला हवा. खायचं ते मंदीच्या डब्यातलं. निम्मं म्हणता म्हणता मी पाऊण केलं. ती बघत राहायची. एकदा म्हणाली, "ताई, पांढरा गोड असतो का गुलाबी?" मी तोंड भरलेलं असतानाच म्हटलं, सारखाच.

चार कधी वाजले कळलं नाही. मंदी म्हणाली, ताई, भाकरी. मी म्हटलं, आधी मळ्यातल्या बंगल्यावर जाऊ, तिथला रंगीत हलवा संपंल, मग खा. तो मळा गावाबाहेर, पेरूच्या बागांच्या पलीकडं. मी पुढं पळत होते, ती मागं. परतताना ती बांधावर बसली. "ताई, पाय चालंनात." मी म्हटलं, नाटकं नकोत. तिच्या कपाळावर घाम होता. संक्रांतीच्या थंडीत घाम! मला दिसला, मी पाहिला, आणि हात धरून तिला ओढत निघाले, कारण दिवस मावळायच्या आत घरी पोचलो नाही तर बोलणी मला बसणार होती. भाकरी माझ्या परकराच्या ओच्यात तशीच.

ओसरीत परात मांडलेली होती. शेजारच्या सुंदरामावशी आईला वाण द्यायला आल्या होत्या, त्याही टेकल्या. मी डबा उपडा केला, ढीग पडला. मंदीनं केला तर दोन वड्या आणि तळाचा हलवा. आईचा हात हवेतच थांबला.

"बाकीचं कुठं हाय?"

मंदीची नजर कुठंतरी भलतीकडंच होती.

आई माझ्याकडं वळली. "शाले, हिनं खाल्लं?"

तो प्रश्न सरळ मला विचारला होता. त्याला सरळ उत्तर होतं. मी म्हणाले, "मला न्हाई ठावं. मी पुढं चालत हुते."

"मी न्हाई खाल्लं," मंदी म्हणाली आणि एकदम हसली. उगीचच, खी खी करून. आईला वाटलं, पोरगी खोटं बोलून वर दात काढतेय. तिनं मंदीच्या फाडकन मुस्कटात मारली. आजारी पोरीवर तिनं तोवर कधी हात उगारला नव्हता. मंदी रडली नाही, तोल जाऊन परातीवर पडली आणि तिचे हात लटलट कापायला लागले. पोलकं घामानं भिजलेलं. "आई, गिरनी बंद करा," म्हणायला लागली, "गिरनी माझ्या डोक्यात फिरतीय." सुंदरामावशींनी तिच्या पापण्या वर करून बघितल्या. "चढली गं बाई साखर! डबाभर खाल्ल्यावर दुसरं काय हुनार?"

आईचा चेहरा मला अजून दिसतो. ती ओरडली नाही. निळ्या पाण्याची नळी घेऊन तिनं मंदीला मोरीत नेलं, पण पोरगी उभीच राहीना, लघवी कुठली करते. आईनं तिला परत उचलून घोंगडीवर निजवलं आणि स्टो पेटवला. सुई उकळायच्या भांड्यात पाणी ओतलं, काचेची नळी आणि सुई आत टाकली. "आजची सुई कमी पडली. दुसरी द्यायला लागंल," स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "दादाला बोलाव. पळ."

मी पळाले. गिरणीत दादा दगडाला टाकी लावत, खाचा पाडत बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून ओरडले, मंदी कापतीय, घाम आलाय, काहीबाही बोलतीय. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं, हातातली छिन्नी टाकली आणि पहिलं विचारलं ते हेच, "साखर दिली का?" मी म्हटलं, आई दुसरी सुई देतीय. तसे ते पिठानं माखलेले तसेच धावले. दादांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पाण्याला आधण आलं होतं. भांड्यात काच खडखड वाजत होती. दादा दारातूनच म्हणाले, "सुई नको! साखर दे तिला, साखर!"

"निम्मा डबा खाऊन आलीय ती!" आई म्हणाली. "परात बघा. आन् त्यावर आनखी साखर घालू?"

"डॉक्टर म्हनले हुते, घाम आला तर..."

"तुमी काय ऐकलं ते देवाला ठावं! मोठ्यानं सांगा, नक्की 'द्या' म्हनले? पोरीच्या गळ्याशपथ सांगा."

दादांनी शपथ घेतली नाही. त्यांना स्वतःच्याच कानांचा भरवसा नव्हता. आईनं चिमट्यानं काच बाहेर काढली, जोडली, बाटलीला टोचली आणि औषध ओढून घ्यायला लागली. मी खांबाला धरून उभी होते. मला सगळं कळत होतं, असं नव्हे. साखर कमी होऊनही माणूस मरतं हे मला कुठं ठाऊक? पण आई ज्या डब्याच्या भरवशावर सुई भरत होती, तो डबा मी खाल्ला होता, एवढं मला ठाऊक होतं. आणि तरी माझं तोंड उघडत नव्हतं. पाणी तापायला ठेवल्यापासून उकळेपर्यंत मला वेळ होता, गिरणीत दादांपुढं वेळ होता, येताना रस्त्यात होता. मी एकच विचार करत होते, आई मला मारील. बहिणीचा जीव एका बाजूला आणि चार थपडा दुसऱ्या बाजूला, आणि मला थपडाच मोठ्या वाटत होत्या. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच होतं.

आईनं मंदीचा दंड उघडा केला. तेव्हा कुठं माझ्या तोंडातून किंकाळी निघाली. "आई, नको! मी खाल्लं! सगळं मी खाल्लं, तिनं एक तीळ पन न्हाई खाल्ला!" मी ओच्यातून फडकं ओढून परातीत टाकलं. गाठसुद्धा सुटलेली नव्हती. "भाकरी पन न्हाई खाल्ली तिनं. मीच खाऊ दिली न्हाई."

आई त्या फडक्याकडं बघत राहिली. दुपारची अर्धी भाकरी आणि त्यावर काहीच नाही, हे तिच्या ध्यानात येताना मला दिसलं. तिच्या हातातली सुई खाली आली. दादांनी एव्हाना साखरेचा डबा ओढून मूठ भरली होती. आईनं ती मूठ त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली, वाटीत पाण्यात कालवली आणि मंदीचं डोकं मांडीवर घेऊन बोटानं तिच्या गालाच्या आत चोळायला लागली. एक बोट, दुसरं बोट. "गिळ गं माझे बाई, गिळ." सुंदरामावशी भिंतीला टेकून तोंडाला पदर लावून बसल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मंदीचा गळा हलला. पुन्हा हलला. कितीतरी वेळानं तिच्या हातांची थरथर थांबली आणि तिनं डोळे नीट उघडून आईकडं बघितलं.

"आई," ती म्हणाली, "हे गोड हाय." दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या जिभेला साखर लागली होती.

आई तिला छातीशी धरून मोठमोठ्यानं रडली. दादाही रडले, तोंडावरच्या पिठात ओघळ पडले. मी खांबापाशीच. मला कुणी मारलं नाही. सुंदरामावशी गेल्यावर, मंदीला भाकरी भरवून झाल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. "मघाशी इचारलं तवा का न्हाई बोललीस?" मी म्हटलं, भ्याले. तिनं मान हलवली. "पुन्हा असं भ्यायचं न्हाई," एवढंच म्हणाली. त्यावर ती मरेपर्यंत माझ्याशी किंवा दुसऱ्या कुणाशी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. दोन दिवसांनी ती स्वतः दादांबरोबर नगरला गेली आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकून आली. दादांनी बरोबर ऐकलं होतं. ती दुसरी सुई दिली असती तर काय, असं तिनं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मुलगी हाती लागली नसती. त्या दिवसापासून मंदीच्या पोलक्याला आईनं आतून खिसा शिवला, साखरेच्या पुडीसाठी. आणि त्यापुढं आईनं दादांच्या कानांवरून कधी कपाळावर हात मारला नाही. आम्ही हसलो तर डोळे वटारायची.

मंदी आता कर्जतकडं असते. नवरा, दोन मुलं, सुना, नातवंडं, जर्शी गायी. साखर अजून आहेच, सुईऐवजी पेन आलं इतकंच. कुठलंही लग्नकार्य असो, पाहुण्यांत बसली की ती ही गोष्ट सांगते, आणि सांगते ती अशी, की आईच्या हातात सुई होती, ताई ओरडली म्हणून मी वाचले. बायका माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी पदर सारखा करत खाली बघते. पन्नासएक वर्षं मी ते कौतुक खाल्लं. मला वाटायचं, तिला शुद्ध नव्हती. मी पुढं चालत होते असं म्हणाले, ते तिला कुठं आठवणार?

परवा हे लिहून झालं तसा तिला फोन लावला आणि वाचून दाखवलं. सगळं, काही गाळलं नाही. मध्ये मध्ये गाय हंबरल्याचा आवाज येत होता. संपलं तेव्हा तोही थांबला होता. मला वाटलं, फोन कट झाला.

"मंदे, आहेस का?"

"हाय की," ती म्हणाली. "मला ठावं हाय गं हे सारं. आई इचारत हुती तवा तुझं नाव माझ्या तोंडापर्यंत आलं हुतं. म्हनलं, नगं, आई हिला लई मारंल. हीच सांगंल आता."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"घोंगडीवर पडल्या पडल्या तुझ्याकडंच बघत हुते मी," मंदी म्हणाली आणि हसायला लागली. "पर लई येळ लावलास गं, ताई."